बॅच हातात देण्याआधी १५ तास द्या

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पदव्युत्तर विभाग व संशोधन केंद्रे चालवणाऱ्या महाविद्यालयांचे मा. प्राचार्य, संस्थांचे पदाधिकारी, विभागप्रमुख आणि संशोधन मार्गदर्शक यांस,

विषय : संशोधक व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तयारीविना अध्यापनाचे काम देण्याबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

सत्र उघडायच्या दोन दिवस आधी विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेळापत्रकाचा फोटो पडतो. त्यात ‘एफ.वाय., बी-२ बॅच’ याच्यासमोर एखाद्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची आद्याक्षरे असतात. काम मिळाल्याची सूचना तीच, नेमणूकपत्रही तेच आणि प्रशिक्षणही तेवढेच. सोमवारी सकाळी तो प्रयोगशाळेत उभा राहतो, समोर वीस मुले. त्याला विषय येतो, याबद्दल वाद नाही. पण वीस जणांकडून तो करवून कसा घ्यायचा, कोण कुठे चुकणार, जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, कशावरून तपासायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे पत्र लिहिणारे आम्ही याच दोन जिल्ह्यांत शिकवतो. आमच्यातले काही पदव्युत्तर विभागांत आहेत, तर काही बी.एड. महाविद्यालयांत सराव पाठांचे निरीक्षण करतात. यात आमचा स्वार्थ आहे आणि तो उघड सांगितलेला बरा. पहिल्या वर्षाला या साहाय्यकांच्या, म्हणजे शिकवायला लावलेल्या संशोधक व पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या, हाताखालून गेलेली मुले तिसऱ्या वर्षाला आणि एम.एस्सी.ला आमच्यासमोर येतात. शिवाय आज साहाय्यक असलेली मुले उद्या आमच्याच स्टाफरूममध्ये बसणार आहेत.

आधी नियमाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.चे नवे विनियम अधिसूचित केले. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. शाखा कोणतीही असो, प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने पीएच.डी.च्या काळात आपल्या विषयाचे अध्यापन, शिक्षणशास्त्र आणि लेखन यांचे प्रशिक्षण घेणे आवश्यक आहे. आणि ट्युटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापन यांसाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचे साहाय्यकाचे काम देता येईल. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही साधारण हेच म्हटले होते, आणि तिथे तर शिकवण्याचा अभ्यासक्रम श्रेयांकाधारित, म्हणजे क्रेडिट असलेला, असावा असाही उल्लेख आहे. आपल्याकडे विनियमांतल्या या दोन गोष्टींपैकी दुसरी, काम देण्याची, ताबडतोब अमलात आली. पहिलीसाठी, प्रशिक्षणासाठी, एक दिवसाची कार्यशाळा होते.

ती कार्यशाळा कशी असते हे आपण सगळेच जाणतो. साडेदहाची वेळ, सव्वाअकराला दीपप्रज्वलन, मग स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय मनोगत. दुपारी जेवण, जेवणानंतर ‘एकविसाव्या शतकातील शिक्षकाची कौशल्ये’ या विषयावर पन्नास-साठ स्लाइड, आभार, ग्रुप फोटो आणि प्रमाणपत्र. दिवसभरात एकही संशोधक विद्यार्थी खडू हातात घेऊन पाच मिनिटेसुद्धा उभा राहत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला तेवढे पुरते. सोमवारच्या बॅचला नाही. ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार जरा तपशिलात मांडावी लागेल, कारण ‘त्यात काय शिकवायचे, प्रयोग तर सगळ्यांनी केलेलाच असतो’ हे उत्तर आम्ही सगळ्यात जास्त ऐकतो. म्हणून अगदी साधा, बारावीपासून ओळखीचा प्रयोग घेऊ : ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून अल्कली थेंबथेंब आम्लात सोडून तिची संहती काढणे.

वीस मुलांची बॅच आहे. प्रत्येक जण एक अंदाजी आणि तीन अचूक वाचने घेणार, दर वेळी सुमारे १० मिली. ब्युरेट खंगाळायला आणखी दहा-पंधरा, थोडे वाया. म्हणजे माणशी ६५-७० मिली अल्कली, बॅचला सव्वा ते दीड लिटर. दोन लिटर करून ठेवावे लागते. ०.१ नॉर्मल द्रावणाला ८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. हा हिशेब आदल्या दिवशी कोणी करायचा? प्रयोगशाळा परिचराने, असे साहाय्यकाला वाटते. साहाय्यकाने, असे परिचराला वाटते. मग पाऊण तास झाल्यावर बाटली संपते, घाईत नवे द्रावण केले जाते आणि अर्ध्या बॅचची वाचने उरलेल्या अर्ध्या बॅचशी जुळत नाहीत. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे वजन करून केलेल्या द्रावणाची संहती कधीच नेमकी नसते. मुळात हा प्रयोग त्याचसाठी आहे. पण ही गोष्ट सांगायची वेळ त्या गडबडीत निघून जाते.

आता प्रत्यक्ष चुका बघा. ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा राहिला आणि तो मध्येच निघून गेला की वाचन जास्त येते. वर फनेल तसेच राहिले आणि त्यातून थेंब ओघळला की वाचन कमी येते. पिपेटच्या टोकाशी राहिलेला शेवटचा थेंब फुंकून काढला की आम्ल जास्त पडते. फेनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचे असते. पण फ्लास्क तसाच ठेवला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रंग जातो आणि मूल आणखी दोन थेंब टाकून गडद गुलाबी करून बसते. नवखा साहाय्यक फिरता फिरता विचारतो, “आलं का रीडिंग?” अनुभवी माणूस वाचन नंतर विचारतो. आधी तो तोटीचे टोक बघतो, मग फनेल, मग फ्लास्कचा रंग. या तीन नजरांचा क्रम कोणी तरी एकदा दाखवला की दहा मिनिटांत कळतो. कोणी दाखवला नाही तर दोन-तीन वर्षे जातात, आणि त्या वर्षांची किंमत मोजतात ती बॅचमधली मुले.

वाचनांचेही तसेच आहे. जर्नलमध्ये १०.२, १०.२, १०.२ अशी तीन सारखी वाचने वीसपैकी पंधरा जणांची दिसली तर साहाय्यकाने काय करावे? सही करून मोकळे व्हावे, असे आजचे अलिखित उत्तर आहे. खरे तर दहाव्या मिनिटाला प्रत्येकाचे पहिले वाचन कच्च्या वहीत पेनने लिहून घ्यायचे आणि तिथेच आद्याक्षरे टाकायची. खाडाखोड चालेल, रबर चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचे. असे केले की नंतर ‘जुळवलेली’ वाचने आपोआप कमी होतात. ही युक्ती पुस्तकात नाही. ती एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि नेमका तोच दुवा आपण तोडला आहे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही. पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी बल्ब वापरायचा. डोळ्यांत काही उडाले तर लगेच नळाखाली किमान पंधरा मिनिटे. अग्निशामक कुठे आहे आणि त्याची मुदत संपली आहे का, ते आधी बघायचे. प्रयोग संपल्यावर अल्कलीची ब्युरेट त्याच वेळी धुवायची, नाहीतर काचेची तोटी पुढच्या आठवड्याला फिरत नाही. यातली पहिली चार वाक्ये जिवाशी गाठ घालणारी आहेत, आणि ती साहाय्यकाला ठाऊक आहेत का हे बॅच देण्याआधी कोणीही विचारत नाही.

कला आणि वाणिज्य शाखेत प्रयोगशाळा नाही म्हणून तिथले प्रश्न कमी आहेत असे नाही. तिथे ट्युटोरियल असते, आणि ट्युटोरियल म्हणजे बहुतेक ठिकाणी तेच लेक्चर पुन्हा, थोड्या लहान आवाजात. साहाय्यक दर पाच मिनिटांनी “समजलं का?” विचारतो, मुले माना डोलावतात. या प्रश्नातून काहीही कळत नाही. त्याऐवजी “आता पुढची पायरी वहीत लिहा, दोन मिनिटं” असे म्हणून बाकांमधून फिरले की कोण कुठे अडकले ते डोळ्यांना दिसते. प्रश्न विचारल्यावर थांबणे हे आणखी एक साधे कौशल्य. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण करून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गासमोर उभे राहून मोजून बघा, ते फार मोठे असतात. म्हणून त्याचा सराव करावा लागतो. आणखी एक : प्रश्न आधी, नाव नंतर. नाव आधी घेतले की बाकीचे एकोणीस जण सुटले.

भाषेचा मुद्दा आपल्या जिल्ह्यांत वेगळा आहे. माण, खटाव, आटपाडी, पाटण, जावळीकडून येणारी बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातली असतात. जतच्या पूर्व भागातल्या काहींची घरची भाषा कन्नड. बी.एस्सी.चे पुस्तक मात्र इंग्रजी. साहाय्यक एक तर पुस्तकातली इंग्रजी वाक्ये जशीच्या तशी फळ्यावर उतरवतो, नाही तर सगळेच मराठीत सांगून टाकतो आणि परीक्षेत मुलांना संज्ञा आठवत नाहीत. मधला रस्ता शिकवता येतो. कल्पना मराठीत सांगायची, संज्ञा इंग्रजीच ठेवायची, ती फळ्याच्या उजव्या बाजूच्या पट्टीत तास संपेपर्यंत पुसायची नाही, आणि शेवटच्या पाच मिनिटांत मुलांकडूनच त्या संज्ञा वापरून दोन इंग्रजी वाक्ये लिहून घ्यायची. फळ्याची ती उजवी पट्टी हे एवढेसे तंत्र किती कामाचे आहे, हे ज्यांनी वापरले त्यांना विचारा.

तिसरी तक्रार तपासणीची. विद्यापीठ परीक्षेच्या उत्तरपत्रिका नियुक्त परीक्षकच तपासतात, पण अंतर्गत चाचण्या, गृहपाठ आणि जर्नले यांचा ढीग साहाय्यकांकडे जातो. सोबत गुणदान तक्ता जात नाही. याचे काय होते ते एका उदाहरणाने सांगतो. इतिहासाच्या चाचणीत दहा गुणांचा प्रश्न : ‘साताऱ्याच्या प्रतिसरकारची कार्यपद्धती स्पष्ट करा.’ आपल्याकडच्या मुलांना हा विषय घरातून माहीत असतो. एखादा मुलगा क्रांतिसिंह नाना पाटलांवर दोन पाने भरून झणझणीत लिहितो, पण न्यायदान मंडळे आणि तुफान सेना यांचे काम एका ओळीत उरकतो. दुसरी मुलगी कोरड्या भाषेत पाऊण पान लिहिते, पण मंडळे काय करत, तुफान सेनेकडे काय होते, हे सगळे मुद्दे तिच्या उत्तरात असतात. एक साहाय्यक पहिल्याला ८ आणि दुसरीला ५ देतो, शेजारच्या तुकडीचा साहाय्यक बरोबर उलटे देतो. दोघांचीही नियत साफ आहे. प्रश्न ‘कार्यपद्धती’चा होता हे कोणी ठरवून दिले नव्हते, एवढेच.

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याला एक दुपार पुरते. प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापकांनी तक्ता द्यायचा : १९४२ ची पार्श्वभूमी २, न्यायदान मंडळांची रचना व काम ३, तुफान सेना २, मर्यादा व मूल्यमापन २, मांडणी १. मग ढिगातून कोणत्याही ५ उत्तरपत्रिका काढून त्यांच्या झेरॉक्स करायच्या. सगळ्या साहाय्यकांनी त्या वेगवेगळ्या बसून तपासायच्या, गुण स्वतंत्र कागदावर लिहायचे. मग गुण शेजारी शेजारी मांडायचे. दहा गुणांच्या प्रश्नात दोन किंवा जास्त गुणांचा फरक आला तर थांबायचे, उत्तर मोठ्याने वाचायचे आणि तक्त्यातली ओळ दुरुस्त करायची. हे झाल्यावरच गठ्ठे वाटायचे. तपासताना एका विद्यार्थ्याची पूर्ण उत्तरपत्रिका न घेता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे जायचे, म्हणजे पहिल्या चांगल्या उत्तराची छाप पुढच्यांवर पडत नाही. नाव असलेले पान दुमडून ठेवायचे. हुशार मुलांची अक्षरे साहाय्यकाला ओळखू येतातच, पण निदान बाकीच्यांना तरी न्याय मिळतो.

चौथी तक्रार तासांची. ४ ते ६ ही मर्यादा कागदावर आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची मंजुरी उशिरा येते, आणि मधली भर संशोधक विद्यार्थ्यांकडून घातली जाते. मग मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट तास वेळापत्रकात दिसतात. त्यात पर्यवेक्षण, नॅकच्या फाइली, महोत्सवाचे स्वागत-कक्ष आणि मार्गदर्शकांची किरकोळ कामे वेगळीच. हे तास कुठेही नोंदवले जात नाहीत, त्यामुळे त्यांचा अनुभवाचा दाखलाही मिळत नाही. अभियांत्रिकीकडे गेट ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एम.टेक. विद्यार्थ्यांना एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते आणि तिच्यासोबत आठवड्याला ८ ते १० तास अध्यापन-संशोधनाचे काम जोडलेले आहे. तिथे निदान तासांची भाषा तरी आहे. बाकीच्या शाखांत ती कागदावरच राहते. ज्यांना सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती आहे त्यांना ‘पैसे मिळतात ना तुला’ असे ऐकवले जाते. ज्यांना काहीच मिळत नाही त्यांना ‘अनुभव मिळतो ना तुला’ असे.

पाचवी, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी तक्रार. साहाय्यक आणि विद्यार्थी यांच्या वयात चार-पाच वर्षांचेच अंतर असते, आणि साहाय्यकाच्या हातात गुण असतात. रात्री साडेअकराला वैयक्तिक व्हॉट्सअॅप मेसेज, बॅचमधल्याच मुलांची पैसे घेऊन शिकवणी, नातेवाइकाचे जर्नल स्वतःच तपासणे, हे चालते की नाही हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाचे आयोगाचे २०१५ चे विनियम आणि अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावे त्याला माहीत असायला हवीत. तक्रार करणाऱ्या मुलीला त्याने कुठे पाठवायचे हे कळावे म्हणून, आणि तो स्वतः कुणाच्या दबावाखाली असेल तर त्यालाही दार ठाऊक असावे म्हणून. मार्गदर्शकाविरुद्ध बोलायची वेळ आली तर संशोधक विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलापेक्षाही अधिक अडचणीत असतो. याहून जास्त इथे लिहीत नाही.

आता नेहमीचे तीन आक्षेप.

‘नेट-सेट झालेत की ते.’ नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या पहिल्या पेपरमध्ये ५० बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यांतले काहीच अध्यापन अभियोग्यतेचे. चारपैकी योग्य पर्याय निवडता येणे आणि वर्गात तीन सेकंद थांबता येणे यांचा संबंध फारसा नाही. सातवीच्या वर्गाला गणित शिकवायचे असेल तर बी.एड. किंवा डी.एड. लागते, सराव पाठ द्यावे लागतात, त्यांचे निरीक्षण होते. तेरावीला शिकवायला यातले काहीच लागत नाही. प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली की मग आयोगाचे उद्बोधन वर्ग असतात. म्हणजे प्रशिक्षण आहे, पण नोकरीनंतर. साहाय्यकाच्या पातळीवर शून्य.

‘आम्हाला कुठे कोणी शिकवले होते? शिकलोच ना.’ शिकलात, मान्य. पण आपल्याकडे पोराला पोहायला शिकवायचे म्हणून विहिरीत ढकलतानाही पाठीला डबा बांधतात आणि काठावर एक जण उभा असतो. इथे ना डबा, ना काठावर कोणी.

‘पैसे आणि माणसे कुठून आणायची?’ हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्या आवारांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत शिक्षणशास्त्र महाविद्यालये आहेत, अनेकदा एकाच संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले ते खेड्यांतल्या शाळांना तयार शिक्षक मिळावेत म्हणून. १९५५ मध्ये तिथेच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आले. शिक्षक आधी घडवायचा आणि मग वर्गात पाठवायचा, ही या गावाची जुनी रीत आहे. ती महाविद्यालयांच्या पायरीशी येऊन का थांबावी, हे आम्हाला कळत नाही. बी.एड.च्या प्राध्यापकांकडे सूक्ष्म अध्यापनाचा तयार साचा आहे : ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण (निरीक्षकाचा अभिप्राय), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुन्हा पाठ, ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटे. सहा जणांचा गट केला तर २१६ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून थोडे अधिक. एका दिवसात चहापाण्यासकट सहा जणांचे पूर्ण चक्र बसते. खर्च म्हणाल तर खडू, मोबाइलवरचे चित्रण आणि बी.एड.च्या सहकाऱ्याचे मानधन.

एक सावधगिरी मात्र. बी.एड.चे साचे जसेच्या तसे उचलू नयेत. प्रस्तावना कौशल्य, फलक लेखन कौशल्य, उद्दीपक बदल कौशल्य अशी यादी पाठ करून टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या, वह्या भरायला लावल्या की संशोधक विद्यार्थी पहिल्याच दिवशी वैतागतो, आणि त्याचे बरोबर असते. सहा मिनिटांत त्याला स्वतःच्या बॅचमधलाच एक तुकडा शिकवू द्या : ब्युरेट वाचणे, सहसंबंध गुणकाचे चिन्ह काढणे, एका अभंगाचा अन्वय. निरीक्षकाने ‘छान, आत्मविश्वास वाढवा’ असे लिहू नये. त्याने मोजावे. किती प्रश्न विचारले, किती जणांनी उत्तरे दिली, प्रश्नानंतर किती सेकंद थांबला, फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलला. आकडे बघून माणूस स्वतःच पुढचा पाठ बदलतो.

आमच्या मागण्या अशा.

पहिली मागणी शीर्षकातली. सत्र सुरू होण्याआधी तीन दिवस, रोज पाच तास, असे १५ तास प्रत्येक नव्या साहाय्यकाला द्यावेत. एक दिवस सूक्ष्म अध्यापन, एक दिवस विषयानुसार प्रयोगशाळा किंवा ट्युटोरियल, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तपासणी व गुणदान तक्ता, दुपारी सुरक्षा, आचारसंहिता आणि अंतर्गत समितीची ओळख. उद्घाटन आणि आभार हे या १५ तासांत धरू नयेत. हे झाल्याशिवाय कोणाचेही नाव वेळापत्रकात घालू नये.

सत्र चालू असताना १५ आठवडे दर आठवड्याला दोन तास ठेवावेत. एका तासात विषयाचे प्राध्यापक आणि सगळे साहाय्यक बसून पुढच्या आठवड्याचा प्रयोग स्वतः करून बघतील किंवा पुढचे ट्युटोरियल सोडवतील. दुसरा तास एकमेकांच्या वर्गात बसण्यासाठी. असे ३० तास होतात. श्रेयांकाच्या चालू हिशेबाने १५ तास सिद्धान्ताचा एक आणि ३० तास प्रात्यक्षिकाचा एक, म्हणजे २ क्रेडिट. पीएच.डी.च्या कोर्सवर्कला किमान १२ क्रेडिट लागतात. संशोधन व प्रकाशन नीतीच्या २ क्रेडिटना, म्हणजे ३० तासांना, विद्यापीठांनी जागा काढलीच ना? अध्यापनाच्या २ क्रेडिटचा प्रस्ताव महाविद्यालयांनी अभ्यास मंडळामार्फत विद्या परिषदेकडे पाठवावा. मंजुरी येईपर्यंत आपापल्या पातळीवर सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रत्येक साहाय्यकाच्या वर्गात सत्रातून दोनदा कोणी तरी अनुभवी शिक्षकाने बसावे. एकदा तिसऱ्या आठवड्यात, एकदा दहाव्यात. पाचव्या आठवड्यात मुलांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात, प्रश्न तीनच : कशामुळे समजते, कशामुळे अडते, काय बदलावे. चिठ्ठ्या साहाय्यकालाच द्याव्यात, कार्यालयात नकोत. एकदा त्या कार्यालयात गेल्या की त्या गोपनीय अहवालाला जोडल्या जातील या भीतीने पुढच्या वर्षी मुलेही खरे लिहिणार नाहीत.

तास आठवड्याला ६ च्या वर जाऊ नयेत. त्यात तपासणीचा वेळ धरावा. ४० जर्नले दहा मिनिटांनी एक या वेगाने तपासली तरी जवळपास पावणेसात तास जातात, म्हणजे ज्या आठवड्यात जर्नले त्या आठवड्यात बॅच नको. नोंदवही ठेवावी, दर महिन्याला मार्गदर्शक आणि विभागप्रमुख यांच्या सह्या व्हाव्यात आणि वर्षाअखेरीस त्यावरून दाखला मिळावा. रिक्त जागांचे तास रिक्त जागांच्याच मार्गाने भरावेत.

गुणदान तक्त्याविना एकही गठ्ठा साहाय्यकाकडे जाऊ नये. तक्ता चाचणीनंतर विद्यार्थ्यांनाही दाखवावा.

मार्गदर्शकांनाही एक विनंती. विद्यार्थ्याचे हे तास संशोधनातून चोरलेले समजू नका, आणि स्वतःच्या कामांसाठी ते वापरूही नका.

प्रशिक्षण देण्यासाठी आमच्यातले बी.एड. महाविद्यालयांतले सहकारी पहिल्या वर्षी मानधनाशिवाय यायला तयार आहेत. सातारा शहर, कराड आणि सांगली-मिरज असे तीन गट करता येतील, म्हणजे कोणालाही लांबचा एसटी प्रवास करावा लागणार नाही. निरीक्षणाचा एक पानी तक्ता, प्रयोगाच्या आदल्या दिवसाची तपासयादी आणि गुणदान तक्त्याचे नमुने आम्ही मराठीत तयार ठेवले आहेत. कोणत्याही विभागाने मागावेत, बदलावेत, वापरावेत.

पुढच्या सत्राचे वेळापत्रक लावण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाने यांतल्या कोणत्या मागण्या मान्य केल्या आणि कोणत्या केल्या नाहीत, हे विभागाच्या सूचना फलकावर लावावे. न मानलेल्या मागणीचे कारणही लिहावे. ते आर्थिक असेल तर आम्ही हिशेब घेऊन भेटायला येऊ.

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील पदव्युत्तर विभाग आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील काही शिक्षक

प्रत माहितीसाठी : विद्या परिषदेचे व अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य, सर्व संशोधक विद्यार्थी, आणि बी-२ बॅच.